संगणकाने लिहिलेला गोपनीय अहवाल

शाळेत शिक्षकाविषयी दोन प्रकारच्या नोंदी होतात. मुख्याध्यापक वर्गात मागे बसून पाठ पाहतात आणि लॉगबुकात शेरा लिहितात. तो शेरा शिक्षक वाचतो आणि पटो न पटो, खाली सही करतो. दुसरी नोंद गोपनीय अहवालाची. तो कपाटात असतो आणि त्यात काय लिहिले असेल याचा विचार वर्षभर मनात राहतो. दोन्हींतला मजकूर कदाचित सारखाच असेल, पण माणसाच्या वागण्यावर त्यांचा होणारा परिणाम अगदी वेगळा असतो. टेबलावरचा संगणक आपल्या कामाची जी नोंद ठेवतो ती यांपैकी कोणत्या जातीची, हा प्रश्न आम्हांला या लेखात तपासायचा आहे.

संगणकाने नोंद ठेवणे यात मुळात काही गैर नाही. छपाई यंत्र का अडले, चकतीवर जागा किती उरली, काल रात्री यंत्र अचानक का बंद पडले हे कळायचे तर नोंद हवीच. ही यंत्राच्या प्रकृतीची नोंद झाली. यंत्रासमोर बसलेल्या माणसाने काय केले याची नोंद ही वेगळी गोष्ट आहे, आणि संगणकाच्या कार्यप्रणालीत या दोन्ही फार पूर्वीपासून शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत.

एक जुने उदाहरण घेऊ. विंडोज या कार्यप्रणालीत 'रजिस्ट्री' नावाचा मोठा माहितीसाठा असतो. त्यात 'यूजरअसिस्ट' नावाचा एक कप्पा आहे. वापरणाऱ्याने कोणता प्रोग्रॅम उघडला, किती वेळा उघडला आणि शेवटी केव्हा उघडला हे तिथे लिहिले जाते. गंमत म्हणजे प्रोग्रॅमचे नाव सरळ लिहिलेले नसते. इंग्रजी वर्णमालेतले प्रत्येक अक्षर तेरा घरे पुढे सरकवलेले असते. 'नोटपॅड' या नावाची इंग्रजी अक्षरे एन-ओ-टी-ई-पी-ए-डी. ती तिथे ए-बी-जी-आर-सी-एन-क्यू अशी दिसतात. वर्णमालेत अक्षरे सव्वीस असल्याने हीच क्रिया पुन्हा केली की मूळ शब्द परत मिळतो. सातवीच्या वर्गाला गंमत म्हणून द्यावे असे हे कोडे आहे. ज्याला खरोखर लपवायचे असते तो असे लपवत नाही, आणि ज्याला मालकाला दाखवायचे असते तो मुळीच उलटसुलट करत नाही. संगणकीय गुन्ह्यांचा तपास करणाऱ्यांना हा कप्पा चांगला ठाऊक असतो. ज्याच्याविषयी तो लिहिला जातो त्याला मात्र बहुधा त्याचे नावही माहीत नसते. सही नसलेल्या शेऱ्याचा हा नमुना.

लिनक्सच्या जगात असे काही नसेल अशी समजूत आढळते. ती पूर्ण खरी नाही. २००९च्या सुमारास 'ग्नोम' या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या परिवारात 'झाइटगाइस्ट' नावाची एक सेवा आकाराला आली. शब्द जर्मन आहे. अर्थ साधारण 'युगमानस'. एवढ्या भारदस्त नावाखाली चाललेले काम अगदी कारकुनी होते. कोणती फाइल उघडली, कोणते संकेतस्थळ पाहिले, कोणते गाणे ऐकले, केव्हा, हे सारे एका माहितीसाठ्यात टिपून ठेवायचे. कल्पना चांगली होती. फाइलचे नाव विसरते, पण 'परीक्षेच्या आदल्या आठवड्यात काढलेली ती प्रश्नपत्रिका' हे लक्षात राहते. माणसाची आठवण जशी प्रसंगांना धरून चालते तसा शोध घेता यावा, हा हेतू. 'उबुंटू'ने २०११पासून आपल्या पडद्यावरील शोधासाठी हिचा वापर केला. हा साठा वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरात, साध्या रूपात, कुलूप न लावता ठेवलेला असे. कार्यक्रमाची मूळ लेखनसंहिता कोणालाही वाचायला खुली असल्याने आक्षेप लवकर आले, आणि एप्रिल २०१२च्या आवृत्तीत खाजगीपणाचे एक दालन दिसू लागले. अमुक फोल्डरची नोंद नको, अमुक प्रोग्रॅमची नको, गेल्या तासाभराची पुसा, सगळी पुसा, नोंदच थांबवा, असे पर्याय त्यात होते. आमच्या मते या क्षेत्रात झालेल्या चांगल्या कामांपैकी हे एक आहे. गोपनीय अहवालाचे निदान निम्मे लॉगबुक झाले.

पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या आवृत्तीत, स्वतःच्याच संगणकावरची फाइल शोधण्यासाठी टंकलेले शब्द उबुंटूच्या कंपनीकडे जाऊ लागले आणि तिथून ॲमेझॉनच्या वस्तू सुचवल्या जाऊ लागल्या. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी याला सरळ हेरगिरी म्हटले. एप्रिल २०१६च्या आवृत्तीत ही सोय मुळातच बंद स्थितीत देण्यात आली. तेव्हा 'संहिता खुली आहे' एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही. नोंद एकदा होऊ लागली की तिला नवे उपयोग सुचत जातात.

विंडोज १०मध्ये एप्रिल २०१८च्या सुधारणेनंतर 'टाइमलाइन' आली. तिची हकिगत थोडक्यात सांगता येईल. तीस दिवसांपर्यंतच्या हालचाली आणि त्या कंपनीच्या खात्यामार्फत अनेक यंत्रांवर दाखवण्याची सोय, असे तिचे स्वरूप होते. नोंद बंद करूनही कंपनीच्या पानावर हालचाली दिसतात अशी तक्रार त्याच वर्षअखेर झाली. कंपनीचे उत्तर असे की एकाच नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी दोन ठिकाणी आहेत. उत्तर खरे असेलही, पण ज्या बटणाचा अर्थ लावायला खुलासा लागतो ते बटण नसल्यासारखेच.

खरी खळबळ उडाली ती २० मे २०२४ रोजी, मायक्रोसॉफ्टने 'रिकॉल'ची घोषणा केल्यावर. दर काही सेकंदांनी पडद्याचे छायाचित्र घ्यायचे, त्यातला मजकूर यंत्राने वाचायचा आणि काही महिन्यांपर्यंतचे सारे शोधण्याजोगे ठेवायचे, अशी ही योजना. झाइटगाइस्ट 'ही फाइल उघडली' एवढेच लिहीत होता. रिकॉल फाइलीत काय होते तेही टिपतो. कंपनीचे म्हणणे, सारे तुमच्याच यंत्रावर राहते. केव्हिन ब्यूमाँट या सुरक्षातज्ज्ञाने चाचणी-आवृत्ती तपासली, तेव्हा वाचलेला मजकूर 'एसक्यूलाइट' या साध्या माहितीसाठ्यात उघडा पडलेला आढळला. तो उपसून काढणारे साधनही दुसऱ्या एका तज्ज्ञाने लगेच प्रसिद्ध केले. पहिल्या योजनेत आणखी एक विसंगती होती. प्रतिबंधित चित्रपटाचे दृश्य टिपले जाणार नव्हते. मात्र पासवर्ड किंवा बँकखात्याचा क्रमांक झाकला जाईलच असे नाही, असे कंपनीनेच लिहिले होते. चित्रपटाच्या मालकाला जे संरक्षण मिळाले ते संगणकाच्या मालकाला मिळाले नाही. पुढे मे २०२५मध्ये 'सिग्नल' या संदेशसेवेने आपल्या ग्राहकांचे संवाद वाचवण्यासाठी चित्रपटांसाठीचीच ती खूण वापरली!

टीकेचा उपयोग झाला. जूनमध्ये कंपनीने प्रकाशन पुढे ढकलले. पुढे साठ्याला कूटरूप दिले, तो उघडण्यासाठी चेहरा, बोटाचा ठसा किंवा पिन आवश्यक केली, आणि वापरणाऱ्याने स्वतः सुरू केल्याशिवाय रिकॉल चालू होणार नाही असे ठरवले. सर्वांसाठी तो एप्रिल २०२५मध्ये आला. संवेदनशील मजकूर गाळण्याची चाळणी त्यात आहे. 'टॉम्स हार्डवेअर' या प्रकाशनाने डिसेंबर २०२४मध्ये घेतलेल्या चाचणीत नोटपॅडमध्ये लिहिलेला क्रेडिट कार्डाचा क्रमांक या चाळणीतून निसटला होता. हे दोषही दुरुस्त होतील. आमचा आक्षेप दोषांवर नाही.

आक्षेप 'तुमच्याच यंत्रावर' या शब्दांवर आहे. त्यामागे एक माणूस, एक यंत्र, एक खाते असे चित्र गृहीत धरलेले आहे. मनोरच्या नाक्यावर, पालघरचा रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो तिथे, किंवा बोईसरच्या बाजारात हे चित्र लागू पडते का? आसपासच्या पाड्यांवरचा मुलगा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला ऑनलाइन सेवेच्या दुकानात येतो. आधार कार्ड, जातीचा दाखला, वडिलांचे पासबुक, उत्पन्नाचा दाखला एकामागून एक पडद्यावर येतात. दिवसाकाठी अशी अनेक मुले. यंत्राचे खाते मात्र एकच, दुकानदाराचे. 'तुमच्याच यंत्रावर' यातले 'तुम्ही' इथे कोण? संमती दुकानदाराने द्यायची आणि छायाचित्र मुलाच्या दाखल्याचे निघायचे! शाळेच्या संगणक कक्षाची आणि घरातल्या सामाईक संगणकाची स्थिती फार वेगळी नाही.

यावर कोणी म्हणेल, रिकॉलला सेकंदाला चाळीस लाख कोटी क्रिया करणारा खास प्रक्रियक आणि सोळा गीगाबाइट स्मृती लागते. नाक्यावरच्या जुन्या यंत्राला त्याचे काय? खरे आहे. त्या यंत्रांवर आजचा धोका 'डाउनलोड्स' या फोल्डरात पडून राहिलेल्या गुणपत्रिकांचा अधिक आहे. पण आजचे नवे यंत्रच काही वर्षांनी आपल्या शाळेत पोचते, आणि सोयी तेव्हा त्यात आधीपासूनच बसलेल्या असतात.

नोंद चांगली कशी असते हे पाहायला आम्हांला लांब जावे लागत नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्रात १९६९पासून वीज तयार होते. किरणोत्सारी क्षेत्रात काम करणाऱ्याच्या छातीवर एक बिल्ला असतो. त्यात डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात. किरणांची ऊर्जा स्फटिकात अडकून राहते, चकती तापवली की ती प्रकाशरूपाने बाहेर पडते आणि त्या प्रकाशावरून मात्रा कळते. बिल्ला मात्रा सांगतो. तो माणूस कोणाशी बोलला, कुठे चहा प्यायला, हे सांगत नाही. सांगूच शकत नाही, कारण त्या पदार्थात ते मावतच नाही. मोजणी झाली की पुन्हा तापवून चकती कोरी करतात. मात्रेचा आकडा नोंदीत राहतो. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षी ३० ही मर्यादा ओलांडली जात नाही ना, हे त्यावरून पाहिले जाते आणि त्यामुळे कामगाराचेच रक्षण होते. पडद्याच्या छायाचित्राचे नेमके उलटे आहे. काय उपयोगी पडेल हे ठाऊक नाही म्हणून सगळेच ठेवायचे. मोजमापाच्या शास्त्रात याला आळस म्हणतात.

एवढ्याशा नोंदीने काय बिघडते, असे पालघरकरांनी तरी विचारू नये. नोव्हेंबर २०१२मध्ये मुंबई बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्या आवडल्याची खूण केली, म्हणून पालघरला दोघींना अटक झाली. त्यातून पेटलेल्या वादाची परिणती २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने रद्द करण्यात झाली. तिथे खूण तिने स्वतः, उघडपणे केली होती. जी खूण आपण केलीच नाही, यंत्राने परस्पर केली, तिचा अर्थ कोण कसा लावील?

कायद्याची स्थिती गुंतागुंतीची आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. २०२३च्या व्यक्तिगत डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या हालचालींवर पाळत ठेवायला मनाई आहे. नोव्हेंबर २०२५मधील नियमांनी शैक्षणिक संस्थांना शिक्षण आणि सुरक्षिततेपुरती सूट दिली आहे, आणि ही सूट किती ताणायची हे शाळेच्या हाती राहते. उलट सायबर कॅफेसाठीचे २०११चे नियम पाहिलेल्या संकेतस्थळांची नोंद किमान एक वर्ष ठेवायला सांगतात. पडदे सर्वांना दिसतील असे असावेत, आडोसा साडेचार फुटांहून उंच नसावा, हेही त्यातच आहे.

शिक्षकांनी संगणक कक्षात करून पाहण्याजोगी एक गोष्ट आहे. प्रत्येक वर्गासाठी, जमल्यास प्रत्येक मुलासाठी, वेगळे खाते उघडावे आणि तास संपला की 'डाउनलोड्स' व ब्राउझरचा इतिहास मुलांकडूनच पुसून घ्यावा. पूर्वी यासाठी अधिक सोपी वाट होती. विंडोजमध्ये 'गेस्ट' म्हणजे पाहुण्याचे खाते असे. विंडोज १०पासून त्यातून नेहमीच्या मार्गाने प्रवेश करण्याची सोय राहिली नाही. उबुंटूत तर पाहुणा उठून गेला की त्याच्या मागे काहीच उरत नसे. तिथेही सुरक्षेतील एका त्रुटीनंतर २०१७मध्ये ती सोय बंद करण्यात आली. आमच्यासारख्या भागात, जिथे संगणकासमोर बसणारा बहुतेक जण पाहुणाच असतो, तिथे ती परत मागायला हवी.