शून्य आणि मौन : हार्ड डिस्कच्या प्रतीची चिकित्सा

आजचा विषय जाहीर झाल्यावर बाभुळगावात दोघा-तिघांनी आम्हाला रस्त्यात थांबवून विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून आता कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान काढता काय?" दुकान काढायचं आमचं वय राहिलेलं नाही. पण लिनक्सवर हार्ड डिस्कची प्रत करताना आमच्या हातून एक चूक घडली, आणि त्या चुकीच्या पायावर आम्ही याच व्याख्यानमालेत एक विचार उभा केला. तो विचार आज मागे घ्यायचा आहे. मागे घेताना कारण सांगावं लागतं. ते कारण म्हणजे आजचं व्याख्यान.

आधी घडलं ते सांगतो. बेंबळा प्रकल्पात आपल्या तालुक्यातली काही गावं पाण्याखाली गेली. तिथून उठून आलेल्या वयस्क माणसांचं बोलणं आम्ही काही वर्षं ध्वनिमुद्रित करत होतो. सगळं एका एक टेराबाइटच्या डिस्कवर होतं. एका उन्हाळ्यात ती डिस्क टकटक आवाज करू लागली. आम्ही नवी डिस्क आणली आणि प्रत करायला बसलो.

लिनक्समध्ये 'डीडी' नावाची जुनी आज्ञा आहे. तिला इनपुट कुठलं आणि आउटपुट कुठलं एवढं सांगितलं की ती डिस्कवरचा प्रत्येक बाइट उचलून पलीकडे ठेवते. फाइल कोणती, फोल्डर कोणतं, याच्याशी तिला कर्तव्य नाही. आमची डीडी काही तास चालली आणि 'इनपुट आउटपुट एरर' सांगून थांबली. मग कुणीतरी सुचवलं, 'नोएरर, सिंक' हे दोन शब्द जोडा. जोडले. रात्रभर काम चाललं. सकाळी पाहतो तर प्रत पूर्ण! मधे एररच्या ओळी होत्या, त्या आम्ही वाचल्या नाहीत. फाइलींची यादी जशीच्या तशी, आकारही तेच. आम्ही निर्धास्त झालो.

त्या मुद्रणांत एका आजीबाईंचं बोलणं होतं. आम्ही विचारलं होतं, "गाव सोडताना काय वाटलं?" नव्या प्रतीत या प्रश्नानंतर दहाएक सेकंद काहीच नाही. मग एकदम, "...मंग आलो इकडं." तुमच्यापैकी जुन्या श्रोत्यांना आठवत असेल, या दहा सेकंदांवर आम्ही जवळजवळ अर्धा तास बोललो. भाषा जिथे संपते तिथे मौन सुरू होतं, विस्थापनाचं दुःख शब्दांत मावत नाही, असं बरंच काही. टाळ्याही पडल्या.

त्यानंतर ध्वनिमुद्रणाचं काम जाणणारा एक तरुण श्रोता भेटायला आला. म्हणाला, "सर, त्या मौनात पंखा का ऐकू येत नाही?"

आम्ही गप्प. पूर्ण मुद्रणात छताच्या पंख्याची घरघर आहे. आजी बोलतात तेव्हा आहे, आम्ही बोलतो तेव्हा आहे. फक्त त्या दहा सेकंदांत नाही. आजी गप्प बसू शकतात, पंखा कसा गप्प बसेल? त्याने स्क्रीनवर आवाजाची रेषा दाखवली. आधी लाटा, नंतर लाटा, आणि मधे पट्टीने ओढावी तशी सरळ रेघ. ते आजींचं मौन नव्हतंच. डीडीने लिहिलेली ती शून्यं होती.

आता यंत्रात काय झालं ते समजून घेऊ. डिस्कवरचा मजकूर सेक्टरमध्ये साठवलेला असतो. पूर्वी एक सेक्टर ५१२ बाइटचा असे, आताच्या बहुतेक डिस्कवर आत तो ४०९६ बाइटचा असतो. प्रत्येक सेक्टरसोबत चूक ओळखण्याचा आणि थोडीफार दुरुस्त करण्याचा संकेतही असतो. दुरुस्ती होण्यापलीकडचं बिघडलं असेल, तर डिस्क सहसा खोटा मजकूर देत नाही. 'वाचता आलं नाही' असं सांगते. हा प्रामाणिकपणा लक्षात ठेवा, कारण पुढे आपण तोच वाया घालवतो.

'नोएरर' म्हणजे चूक आली तरी थांबू नको. 'सिंक' म्हणजे जे वाचता आलं नाही तिथे शून्यं भरून जागा सारखी कर. नुसतं 'नोएरर' दिलं तर न वाचलेला भाग गळतो आणि पुढचं सगळं मागे सरकतं, ते तर आणखी वाईट. शिवाय आम्ही एका वेळी ६४ किलोबाइटचा घास घ्यायला सांगितलं होतं. एवढ्या घासात ५१२ बाइटचे १२८ सेक्टर येतात. त्यातला एक किडका निघाला तर सगळा घास शून्य होऊ शकतो. आमचं मुद्रण साध्या, न दाबलेल्या वेव्ह फाइलमध्ये होतं. त्यात असा एक घास म्हणजे साधारण पाऊण सेकंद. असे तेरा घास ओळीने गेले आणि दहा सेकंदांचं मौन तयार झालं. चित्राची किंवा दाबलेली फाइल असती तर बिघाड बहुधा उघड दिसला असता, आणि आम्हाला तेव्हाच कळलं असतं. वेव्ह फाइलमध्ये मात्र शून्य म्हणजे शांतताच. नुकसान अर्थाचा वेष घालून आलं.

इथे तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून आम्हाला मान खाली घालावी लागते. कुमारिलांची मीमांसा आणि अद्वैत वेदान्त अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण मानतात. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून घट नाही हे कळतं. पण त्याला एक अट आहे. असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घट दिसला नाही, एवढ्यावरून घट नाही असं म्हणता येत नाही. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. आम्ही चाळीस वर्षं ही अट फळ्यावर लिहिली आणि घरच्या डिस्कवर विसरलो. त्या तरुणाने ती लावली. पंखा असता तर ऐकू आला असता. तो ऐकू येत नाही, त्याअर्थी अंधार आहे.

'नोएरर, सिंक'वर आमचा आक्षेप नेमका हाच आहे. 'इथे शून्य होतं' आणि 'इथलं आम्हाला वाचता आलं नाही' ही दोन वेगळी विधानं आहेत. ही पद्धत प्रतीत दोन्ही एकाच चिन्हाने लिहिते. अज्ञान आणि अभाव यांतला फरक पुसला जातो. एररची ओळ पडद्यावर येते खरी, पण पडदा बंद झाला की ती गेली. प्रतीत तिचा मागमूस राहत नाही.

आपल्या मराठीला हा प्रश्न नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत चुका साचल्या म्हणून एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठ शुद्ध केला. यापुढे कुणी आपली ओवी त्यात घालू नये, असंही बजावलं. त्यांच्यामुळे ग्रंथ हाती राहिला, हे ऋण मोठंच आहे. पण कोणत्या ओवीत मूळ प्रतीत काय होतं आणि नाथांनी काय ठेवलं, याची नोंद आपल्याकडे आली नाही. म्हणून त्यांनी काय सुधारलं ते आज तपासता येत नाही. हा नाथांचा दोष म्हणण्यापेक्षा त्या काळाची रीत म्हणू.

दुसरं उदाहरण आपल्या विदर्भातलं. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात रिद्धपूरला लीळाचरित्र सिद्ध केलं. पुढे धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, आणि अनुयायांनी ज्याला जे आठवत होतं त्यावरून ते पुन्हा उभं केलं, अशी परंपरा आहे. तिथे त्यांनी एक फार मोलाची गोष्ट केली. आठवणीत फरक पडला तिथे तो लपवला नाही. 'वासना', 'शोधु' अशा खुणा करून वेगळा पाठ जवळच नोंदवून ठेवला. आठवण तुटकी होती, पण कुठे तुटली ते वाचणाऱ्याला कळत होतं.

तिसरं उदाहरण पुण्याचं. भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक होते. १९६६ साली संहिता पूर्ण झाली. १२५९ हस्तलिखितं त्यासाठी पाहिली गेली. त्या आवृत्तीत जिथे संपादकांना पाठाची पुरती खात्री नाही, तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे. आमच्या मते ती रेघ हा त्या आवृत्तीतला एक मोठा विचार आहे. मजकूर दिला, आणि त्यावर किती विसंबायचं तेही दिलं.

तर मग लिनक्समध्ये नागमोडी रेघ आहे का? आहे. तिचं नाव 'जीएनयू डीडीरेस्क्यू'. अंतोनियो दियास दियास यांनी लिहिलेला हा मोफत प्रोग्राम आहे. नाव सारखं असलं तरी हा डीडीचा धाकटा भाऊ नव्हे, याची वृत्तीच वेगळी. डीडी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत हट्टाने चालते, आणि किडक्या जागी अडून मरायला टेकलेल्या डिस्कला आणखी मारते. डीडीरेस्क्यू आधी सहज मिळेल ते सगळं घेते, अवघड जागा टाळून पुढे जाते. मग त्या जागांच्या कडा छाटते, मग आतला एकेक सेक्टर खरवडते, आणि शेवटी सांगितलं असेल तेवढ्या वेळा पुन्हा प्रयत्न करते. आजारी माणसाची साक्ष घ्यावी तशी. सोपं आधी, दुखरं शेवटी.

दुसरं म्हणजे ती नकाशा ठेवते. त्याला मॅपफाइल म्हणतात. मिळालेल्या जागेला अधिकचं चिन्ह, न पाहिलेल्या जागेला प्रश्नचिन्ह, हरलेल्या जागेला वजाचं चिन्ह. वीज गेली, आणि बाभुळगावात ती जातेच, तरी नकाशावरून काम पुढे चालू होतं. तिसरं म्हणजे, न मिळालेल्या जागी ती आपणहून शून्यं लिहीत नाही. त्यामुळे एकाच मजकुराच्या दोन फाटक्या प्रती असतील, तर एकाच आउटपुटवर पाळीपाळीने चालवून एकीची भोकं दुसरीने बुजवता येतात. सुकथनकरांना हे ऐकून आनंद झाला असता.

तरी आमची एक तक्रार आहे. ही आज्ञा शेवटी टक्का सांगते. आमच्या डिस्कला नव्व्याण्णवच्या पुढे बरेच नऊ लागले होते. टक्का किती गेलं ते सांगतो, काय गेलं ते सांगत नाही. हरवलेला सेक्टर रिकाम्या जागेतला की आजींच्या वाक्यातला, हे टक्क्याला माहीत नसतं. उपाय तिच्यातच आहे, पण तो मागावा लागतो. 'फिल मोड' वापरून प्रतीतल्या हरलेल्या जागी 'खराब सेक्टर' असा ओळखीचा मजकूर भरायचा, आणि मग तो मजकूर कोणत्या फाइलींत सापडतो ते 'ग्रेप'ने शोधायचं. ही यादी प्रतीसोबत कायम ठेवायची. आमच्या मते ही यादी नसलेली प्रत म्हणजे नुसती नक्कल.

आता ज्यांना हे घरी करायचं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात क्रम सांगतो. आधी 'एलएसब्लॉक' देऊन कोणती डिस्क कोणती ते आकार आणि मॉडेलवरून नक्की करा. इनपुट-आउटपुट उलटं झालं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर कॉपी होते, आणि मग रडून उपयोग नाही. एसडीए, एसडीबी ही नावं पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात, म्हणून शेवटचं पाऊल टाकण्याआधी पुन्हा पाहा. मूळ डिस्क माउंट करू नका. 'स्मार्टसीटीएल'ने तिची प्रकृती विचारा. पेंडिंग सेक्टर वाढत असतील तर रोग डिस्कच्या पोटात आहे. सीआरसी एरर वाढत असतील तर आधी केबल बदला, पुष्कळदा एवढ्यावर भागतं. नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी हवी. दोन्हींवर एक टेराबाइट लिहिलेलं असलं तरी काही सेक्टरांचा फरक असू शकतो, आणि अगदी शेवटी 'जागा नाही' असं उत्तर येतं. डीडीरेस्क्यूची पहिली फेरी खरवडण्याशिवाय करा, दुसरी थेट वाचनाने, तीन प्रयत्नांची. मॅपफाइल तिसऱ्याच जागी ठेवा. दुरुस्तीची 'एफएसचेक' आज्ञा मूळ डिस्कवर कधीही चालवू नका, ती प्रतीवर चालवायची, आणि प्रतीचीही आधी एक प्रत करून. शेवटी एक गंमत. प्रतीला मूळ डिस्कचाच ओळखक्रमांक येतो. दोघी एकाच वेळी जोडल्या तर यंत्राचा गोंधळ उडतो. एकीचा क्रमांक बदला, नाहीतर एक काढून ठेवा. आणि मूळ डिस्क फेकू नका.

आमचीही फेकली गेली नव्हती. भंगारात द्यायची राहून गेली, एवढंच. त्या तरुणाने ती जोडली आणि डीडीरेस्क्यू लावली. दोन दिवस लागले. दहा सेकंदांतला एक सेक्टर सोडून सगळं परत आलं. त्या एका सेक्टरचा काळ सेकंदाच्या विसाव्या भागाहूनही कमी आहे, आणि तो कुठे आहे ते आता आम्ही लिहून ठेवलं आहे.

त्या दहा सेकंदांत आजी गप्प नव्हत्या. त्या म्हणाल्या होत्या, "काय वाटन बाबू? टेम्पो उभा होता. जात्याचा खुटा घरीच राह्यला, थो आणाले पोट्ट्याले पाठोलं. थो आला, मंग आलो इकडं."

आम्ही त्यांच्या तोंडी दुःखाचं मौन घातलं. त्या जात्याच्या खुट्याविषयी बोलत होत्या. दुःख नव्हतं असं आम्ही आता म्हणणार नाही. तेही पुन्हा आमचंच घालणं होईल. त्या जे बोलल्या ते ऐकू यावं, एवढंच आमचं काम होतं, आणि ते आम्ही केलं नव्हतं. म्हणून त्या दिवशीचं व्याख्यान आम्ही मागे घेतो. ते यादीतून काढू नका. त्याच्याखाली एक नागमोडी रेघ ओढा, आणि आजचं त्याला जोडून ठेवा.