पोस्ट-टेस्टचे गुण आणि टाकीचं तोंड

‘प्रशिक्षणाची परिणामकारकता’ हा पीएच.डी.साठी सोपा विषय आहे, असं मला सुरुवातीला वाटायचं. तुम्हालाही तसं वाटत असेल तर आधी हे वाचा, मग सिनॉप्सिस टाका.

नेहमीचा साचा तुम्ही पाहिला असेल. भोसरीच्या नाहीतर चाकणच्या कारखान्यांतले सुपरवायझर घ्यायचे. बंदिस्त जागेतल्या कामाबद्दल, म्हणजे पेंट शॉपखालचा स्लज पिट, ईटीपीची टाकी, प्रेसखालचा खड्डा, बॉयलरचा ड्रम अशा जागांबद्दल, सकाळी प्रश्नावली द्यायची. मग दिवसभराचं प्रशिक्षण आणि संध्याकाळी तीच प्रश्नावली पुन्हा. पेअर्ड टी-टेस्ट लावायची, पी 0.05 च्या खाली आला की प्रशिक्षण परिणामकारक ठरलं. शिफारशीत ‘असे वर्ग वारंवार घ्यावेत.’ माझा पायलटही असाच होता आणि गुण मस्त वाढले होते. सकाळी विचारलेलं दिवसभर सांगून संध्याकाळी परत विचारलं तर गुण वाढणारच. वाढले नसते तर ती बातमी होती.

माझा आक्षेप टी-टेस्टवर नाही. सुपरवायझरला माहिती नसते म्हणून माणसं मरतात, हे या साच्यात न बोलता गृहीत धरलेलं असतं. ते तपासायला हवं होतं, आणि मी तपासलं नव्हतं.

मग एका गुरुवारी मी निरीक्षणाला गेले. कारखान्याचं नाव देत नाही. आपल्या पट्ट्यात गुरुवार साप्ताहिक सुट्टीचा, म्हणून लाइन बंद असते आणि टाक्या साफ करायची कामं त्याच दिवशी निघतात. नेमकी त्याच दिवशी नेहमीची बरीचशी माणसंही सुट्टीवर असतात. ठेकेदाराचा सुपरवायझर पिंपावर कागद ठेवून परमिट भरत होता. ब्लोअर आणलेला होता, पण वायर गुंडाळलेलीच. आणि ज्या कामगाराच्या नावाचं परमिट लिहिलं जात होतं, त्याचं डोकं टाकीच्या काठाखाली गेलेलं होतं. माझ्या निरीक्षण-तक्त्यात रकाना होता: ‘परमिट भरलं का?’ मी ‘होय’वर टिक केली. वीसेक मिनिटांनी तो वर आला, हात धुतले, चहा प्यायला. माझ्या डेटात ती ‘सुरक्षित एंट्री’ म्हणून नोंदली गेली.

नंतर मी त्या सुपरवायझरला माझ्याच प्रश्नावलीतले प्रश्न तोंडी विचारले. सगळी उत्तरं बरोबर. वर म्हणाला, “मॅडम, ते पाठ आहे हो. पण बाराला टँकर येणार. मी अडवलं तर उद्या आमचं कॉन्ट्रॅक्ट काढतील.”

आता कायदा काय सांगत आला ते बघा. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमातलं कलम 36 मुळातून वाचा, फार मोठं नाही. धोकादायक वायू असण्याची शक्यता असलेल्या जागेत माणूस उतरवण्यापूर्वी एकतर सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी करून जागा पुरेशी वायुमुक्त असल्याचं लेखी द्यायचं. नाहीतर उतरणाऱ्याने श्वसनयंत्र आणि पट्टा लावायचा आणि पट्ट्याच्या दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात राहायचं. ‘स्वतः चाचणी करून’ हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. मीटर हेल्परने धरायचा आणि सही दुसऱ्याने करायची, ही पद्धत या शब्दांत बसत नाही. ही अट पाळायला माहिती लागते, पण त्याहून जास्त अधिकार लागतो. तो अधिकार ठेकेदाराच्या माणसाकडे खरोखर किती असतो, हे पोस्ट-टेस्ट विचारतच नाही.

मग परमिटची फाइल तपासू, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच केलं. ऑक्सिजन 20.9, ज्वलनशील वायू 0, हायड्रोजन सल्फाइड 0. पानामागून पान तेच. पहिल्यांदा वाटलं, चोरी पकडली! पण गंमत अशी की स्वच्छ हवेत मीटर खरोखरच 20.9 दाखवतो. म्हणजे प्रामाणिकपणे मोजलेला आकडा आणि घरून लिहून आणलेला आकडा हुबेहूब सारखे दिसतात. या रकान्यावरून तुम्हाला काहीच कळणार नाही. त्याच्या शेजारचे रकाने बघा: मीटरचा क्रमांक, मोजल्याची वेळ, किती खोलीवर मोजलं, काम लांबलं तर पुन्हा मोजलं का. माझ्या फाइलमध्ये हे रकाने बहुधा कोरे होते. माझा खरा डेटा तो होता, आणि मी तो ‘मिसिंग’ म्हणून टाकून देणार होते.

कर्कपॅट्रिकची चौकट, 1959 पासून चालत आलेली, तुम्ही वापरालच: प्रतिक्रिया, शिकणं, वर्तन, परिणाम. आपले बहुतेक प्रबंध दुसऱ्या पायरीवर थांबतात आणि निष्कर्ष चौथ्या पायरीचा काढतात. चौथी पायरी इथे अवघडच आहे. असे मृत्यू एकेका कारखान्यात विरळ असतात. ‘प्रशिक्षणानंतर 300 एंट्री झाल्या, एकही अपघात नाही’ हे वाक्य छान दिसतं. पण संख्याशास्त्रातला तीनाचा नियम लावा: शून्य घटना असतील तर 95 टक्के विश्वासाची वरची मर्यादा साधारण 3 भागिले एंट्रींची संख्या, म्हणजे इथे शंभरात एक. शंभरात एक उतरणारा परत येणार नाही, ही शक्यतासुद्धा तुमचा डेटा फेटाळू शकत नाही.

बाहेरचं संशोधनही फार दिलासा देत नाही. बर्क आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये 95 अभ्यास एकत्र करून दाखवलं, की प्रत्यक्ष करून बघायला लावणारं प्रशिक्षण नुसत्या व्याख्यानापेक्षा जास्त उपयोगी पडतं. रॉबसन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये फक्त यादृच्छिक चाचण्या घेतल्या. प्रशिक्षणाने वर्तन बदलतं याला त्यांना भक्कम पुरावा मिळाला, इजा आणि आजार कमी होतात याला पुरेसा मिळाला नाही. हे दोन्ही निबंध एकत्र वाचा. एकच उद्धृत केलात तर परीक्षक दुसरा काढणार.

मला सगळ्यात कामाचा वाटला तो डोव्ह झोहार यांचा 2002 चा प्रयोग. त्यात कामगारांना विचारलं जाई, की साहेब तुमच्याशी सुरक्षेबद्दल बोलले का. ते उत्तर सुपरवायझरला आणि त्याच्या वरच्यांनाही दर आठवड्याला कळवलं जाई. बोलणं वाढलं, किरकोळ इजा घटल्या. म्हणजे बदल घडला तो सुपरवायझरच्या वरचा माणूस काय बघतो, ते बदलल्यामुळे. चाकणला हे जसंच्या तसं उचलता येणार नाही. इथे कामगार ठेकेदाराचा, सुपरवायझरही ठेकेदाराचा आणि वरचा साहेब कंपनीचा. मुलाखत गेटवर घेतलीत तर कामगार ‘सगळं चांगलं आहे’ एवढंच सांगेल. त्याच्या खोलीवर जा, संध्याकाळी, वेळ काढून.

उद्धृत करण्यावरून आठवलं. बंदिस्त जागेत मरणाऱ्यांपैकी 60 टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात, ही स्लाइड प्रत्येक प्रशिक्षणात असते. आकडा अमेरिकेच्या निओश संस्थेच्या 1986 च्या सूचनापत्रातला आहे. त्याच संस्थेच्या 1994 च्या प्रकाशनात, तिने स्वतः तपास केलेल्या मृत्यूंमध्ये हे प्रमाण 36 टक्के येतं. हा दुसरा आकडा स्लाइडवर मी कधी पाहिला नाही. धोका मात्र खोटा नाही. डिसेंबर 2019 मध्ये दापोडीत ड्रेनेजसाठी खणलेल्या खड्ड्यात एक मजूर गाडला गेला आणि त्याला काढायला उतरलेला अग्निशमन दलाचा जवानही गेला. मार्च 2022 मध्ये लोणी काळभोरजवळ कदमवाकवस्तीत सेप्टिक टँकमध्ये चौघे गेले. पहिली घटना माती ढासळल्याची, दुसरी टाकीची आणि कारखान्याच्या कुंपणाबाहेरची. तुमच्या व्याख्येत यातली कुठली बसते, हे आधी ठरवा. मी ठरवलं नव्हतं आणि पहिल्याच प्रेझेंटेशनला त्यावर अडकले.

आता मी मोजते ते वेगळं: किती परमिट परत पाठवली, कुणी पाठवली आणि पाठवणाऱ्याचं पुढे काय झालं. यातही पळवाट आहे. परत पाठवणं चांगलं समजलं जातं हे कळलं की तीही खोटी लिहिली जातील. म्हणून आकड्यापेक्षा तिसऱ्या प्रश्नावर मी जास्त वेळ घालवते.

आणि एथिक्स कमिटीच्या अर्जात एक ओळ नव्याने घातली आहे: परमिटवर सही होण्याआधी कुणी उतरताना दिसला, तर निरीक्षक काम थांबवायला सांगेल आणि त्या दिवसाचं निरीक्षण रद्द होईल. गाइड म्हणाले, सॅम्पल कमी होईल. मी म्हटलं, होऊ दे. त्यावर त्यांनी विचारलं, “आणि तू थांब म्हटलंस, तरी नाही थांबले तर?” त्याचं उत्तर अर्जात अजून लिहायचं आहे.