‘अर्बुददमनक जनुक’ : एका संज्ञेची चिकित्सा

‘ट्यूमर सप्रेसर जीन’ या संज्ञेचे शब्दशः मराठीकरण केल्यास ‘अर्बुददमनक जनुक’ असे पद सिद्ध होते. ‘अर्बुद’ हा शब्द सुश्रुतसंहितेइतका जुना व निर्दोष आहे. आक्षेप घ्यावयाचा तो ‘दमनक’ या पदास. ज्याचे दमन करावयाचे, ते आधी अस्तित्वात असावे लागते. मूत्रपिंडाच्या कर्करोगात वस्तुस्थिती निराळी आहे.

या रोगाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात बहुधा निकामी झालेले असते ते व्हीएचएल हे जनुक. तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवरील या जनुकाचा शोध १९९३ मध्ये लागला. त्याचे प्रथिन गाठीशी झुंजत नाही. प्राणवायू पुरेसा असता ‘हिफ’ नामक प्रथिनावर नाशाची खूण करणे, हे त्याचे प्रमुख कार्य होय. ती खूण थांबली की हिफ साचते. प्राणवायू असूनही पेशी तो नसल्यासारखी वागू लागते आणि नव्या रक्तवाहिन्या वाढवून घेते. या प्राणवायुसंवेदनेच्या उलगड्यासाठी केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नैयायिकांच्या भाषेत बोलावयाचे तर जनुकाला नाव मिळाले ते त्याच्या प्रध्वंसाभावावरून, कार्यावरून नव्हे.

संज्ञेचा दुसरा दोष असा की, ती सर्व जनुकांस एकाच पंक्तीत बसविते. व्हीएचएलचा नाश हा बहुधा रोगाचा आरंभ असतो. त्यावरून रोगाची पुढील गती कळत नाही. त्याच भुजेवरील बॅप१ नष्ट झाले असता मात्र रोग अधिक उग्र असल्याचे आढळते.

तिसरा दोष व्यवहारातला, म्हणून अधिक गंभीर. ‘कर्करोगाचे जनुक’ या बोलीतील षष्ठीने जनुक हेच रोगाचे बीज ठरते. खाडीकाठच्या दिवाळे गावापासून खारघरची कर्करोग संशोधन संस्था दूर नाही. परंतु तेथील ज्ञान घरात पोहोचते ते शब्दांवाटेच. बहुतेक रुग्णांत जनुकाच्या दोन्ही प्रती मूत्रपिंडाच्या पेशीतच, आयुष्यक्रमात बिघडतात. लेकरांस तो दोष जात नाही. थोड्या कुटुंबांत एक सदोष प्रत जन्मतःच येते. तेथे नातलगांची तपासणी अगत्याची. षष्ठी हा भेद पुसून टाकते; पहिल्यांस व्यर्थ भय देते, दुसऱ्यांस दैवावर सोडते.

यास्तव ‘दमनक’ऐवजी ‘अर्बुदरोधक’ हे पद स्वीकारावे. रोध हा येऊ पाहणाऱ्याचाही होतो. आणि रुग्णाशी बोलताना ‘कर्करोगाचे जनुक आहे’ असे न म्हणता ‘गाठ रोखणारे जनुक बिघडले आहे’ असे म्हणावे. अर्थ तेवढ्यानेच सरळ होतो.