पैशाच्या हुकूमनाम्याला अपिलातील स्थगिती : दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१ ची चिकित्सा

गोषवारा :
दाव्याचा निकाल लागला म्हणजे वाद संपला, असे सर्वसामान्य माणसास वाटते. प्रत्यक्षात पैशाच्या वसुलीचा हुकूमनामा आणि हाती येणारे पैसे यांच्यामध्ये अपील उभे असते आणि अपिलासोबत स्थगितीचा अर्ज येतो. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ४१, नियम १(३) व नियम ५ यांची रचना, न्यायालयांनी लावलेला त्यांचा अर्थ आणि त्यातील उणिवा यांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. स्थगिती द्यावी की नाही, या प्रश्नाइतकाच ती कोणत्या अटीवर द्यावी, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

कळीचे शब्द : हुकूमनामा, स्थगिती, अनामत, तारण, दरखास्त, प्रत्यर्पण.

प्रस्तावना :
भारतात पक्षकाराच्या खऱ्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यानंतर सुरू होतात, अशा आशयाचे निरीक्षण प्रिव्ही कौन्सिलने १८७२ साली नोंदविले होते. दीड शतकानंतरही ते जुने झालेले नाही. दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढावी, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाला राहुल शहा विरुद्ध जिनेंद्रकुमार गांधी या प्रकरणात २०२१ मध्ये द्यावा लागला, यातच सर्व काही आले. वसुली लांबण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी अपिलातील स्थगिती हे कायद्याने मान्य केलेले कारण असल्याने त्याची तपासणी अधिक काटेकोरपणे होणे आवश्यक ठरते.

तरतुदींचे स्वरूप :
नियम ५ चा प्रारंभच नकारात्मक आहे. केवळ अपील दाखल केल्याने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. स्थगिती मागावी लागते आणि त्यासाठी पुरेसे कारण दाखवावे लागते. उपनियम (३) नुसार तीन गोष्टींबाबत न्यायालयाचे समाधान व्हावे लागते : स्थगिती न मिळाल्यास अर्जदाराचे भरीव नुकसान होण्याचा संभव आहे, अर्ज अवाजवी विलंब न करता केलेला आहे, आणि पुढे जो हुकूमनामा बंधनकारक ठरेल त्याच्या पूर्ततेसाठी तारण दिलेले आहे. अपिलाची मुदत संपण्यापूर्वी ज्या न्यायालयाने हुकूमनामा दिला त्याच न्यायालयाकडे उपनियम (२) खाली तात्पुरती स्थगिती मागता येते. जिल्हा न्यायालयात अपिलासाठी सर्वसाधारणपणे ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ९० दिवस मिळतात. अपील मुदतीनंतर दाखल झाले असेल, तर नियम ३अ प्रमाणे न्यायालय ते ऐकण्याचे ठरवीपर्यंत स्थगिती देता येत नाही. विलंब करणाऱ्यास दरखास्तीचा धोका पत्करावा लागतो, तो यामुळेच.

पैशाच्या हुकूमनाम्यासाठी १९७६ च्या दुरुस्तीने आणखी एक पायरी घातली. ही दुरुस्ती १ फेब्रुवारी १९७७ पासून अमलात आली. नियम १(३) नुसार अपीलकर्त्याने न्यायालय देईल त्या मुदतीत वादग्रस्त रक्कम जमा करावी किंवा न्यायालयास योग्य वाटेल असे तारण द्यावे. तसे न केल्यास न्यायालयाने स्थगितीचा आदेश करू नये, असे नियम ५(५) सांगतो. घर पाडले गेले तर ते पूर्ववत उभे करता येत नाही; पैसे मात्र व्याजासह परत करता येतात, हा विचार या वेगळेपणामागे आहे. हुकूमनामा अपिलात रद्द झाल्यास कलम १४४ खाली प्रत्यर्पणाची सोय आहेच.

न्यायालयीन अर्थनिर्णयाचा प्रवास :
या तरतुदींची भाषा आज्ञार्थी असली, तरी तिचा परिणाम किती कठोर मानावा याविषयी न्यायालये सावध राहिली आहेत. कयामुद्दीन शमसुद्दीन खान विरुद्ध स्टेट बँक ऑफ इंडिया या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, रक्कम न भरल्यास स्थगिती नाकारली जाईल. त्या कारणावरून अपील मात्र फेटाळता येणार नाही. हा भेद मूलभूत आहे. अपील हा हक्क आहे, स्थगिती ही सवलत आहे. सिहोर नगरपालिका प्रकरणात (२००५) पैशाच्या हुकूमनाम्यास सहसा स्थगिती दिली जात नाही, हे तत्त्व प्रत्यर्पणाच्या आधारे मांडतानाच न्यायालयाचा विवेकाधिकार मान्य करण्यात आला. मालवा स्ट्रिप्स प्रकरणात (२००९) अपवादात्मक परिस्थिती दाखविल्याखेरीज अशी स्थगिती मिळू नये, यावर भर दिला गेला.

या प्रवासातील अलीकडचा टप्पा २०२५ मधील लाइफस्टाइल इक्विटीज विरुद्ध ॲमेझॉन टेक्नॉलॉजीज हा निर्णय होय. व्यापारचिन्हाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने ३०० कोटी रुपयांहून अधिक रकमेचा हुकूमनामा दिला होता. खंडपीठाने रक्कम जमा न करता त्याला स्थगिती दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. रक्कम जमा करण्याची अट सर्वच प्रकरणांत अनिवार्य नाही. मात्र बिनशर्त स्थगितीसाठी हुकूमनामा सकृद्दर्शनीच टिकणार नाही इतका सदोष असला पाहिजे किंवा तत्सम अपवादात्मक कारण असले पाहिजे, असा या निर्णयाचा आशय आहे.

चिकित्सा :
पहिला आक्षेप ‘भरीव नुकसान’ या कसोटीच्या वापराविषयी आहे. पैसे द्यावे लागणे हे हुकूमनाम्याचे स्वाभाविक फळ आहे. त्यालाच नुकसान म्हटले तर प्रत्येक अपीलकर्ता स्थगितीस पात्र ठरेल. दिलेले पैसे परत मिळण्याची शक्यता नसणे किंवा वसुलीमुळे चालता व्यवसाय बंद पडणे, हे खरे नुकसान होय. येथेच एक विसंगती उद्भवते. हुकूमनामाधारक जितका गरीब, तितका प्रत्यर्पणाचा धोका अधिक आणि म्हणून स्थगितीचा युक्तिवाद तितका बळकट. ज्याला पैशाची निकड सर्वांत जास्त, त्यालाच त्याच्या दारिद्र्यामुळे थांबावे लागते.

दुसरा आक्षेप काळाच्या किमतीविषयी आहे. व्यापारी व्यवहार नसेल, तर कलम ३४ नुसार हुकूमनाम्यानंतर मूळ रकमेवर वार्षिक ६ टक्क्यांहून अधिक व्याज देता येत नाही. उदाहरणादाखल १० लाख रुपयांचा हुकूमनामा घ्यावा. अपील पाच वर्षे चालले, तर ६ टक्के सरळव्याजाने ३ लाख रुपये होतात. तेवढीच रक्कम १२ टक्के दराने कर्जाऊ घ्यावी लागली असती, तर त्याच काळात ६ लाख रुपये मोजावे लागले असते. म्हणजे अपील हरूनही अपीलकर्त्याची ३ लाखांची बचत होते. अपिलात गुणवत्ता नसतानाही ते दाखल करण्याचा मोह या हिशेबातून निर्माण होतो. अनामतीची अट हा मोह रोखते, हेच तिचे खरे समर्थन आहे.

तिसरा आक्षेप अनामतीच्या परिणामाविषयी आहे. स्थगितीसाठी न्यायालयात भरलेली रक्कम म्हणजे हुकूमनामाधारकास केलेली फेड नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने रामनाथन चेट्टियार प्रकरणात १९६८ मध्येच सांगितले आहे. रक्कम बँकेत मुदत ठेवीत गुंतवली गेली नाही, तर अपीलकर्त्याच्या हातून पैसा जातो आणि हुकूमनामाधारकाच्या हाती काहीच पडत नाही. दोघांचेही नुकसान करणारी अशी अट न्याय्य म्हणता येणार नाही. हुकूमनामाधारकास योग्य हमीवर निदान काही रक्कम काढू देणे, हा त्यावरील उपाय न्यायालयाच्या अधिकारात आहे. परंतु त्यासाठी त्याला स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि आणखी एक तारीख पडते.

चौथा आणि सर्वांत गंभीर आक्षेप समानतेविषयी आहे. आदेश २७, नियम ८अ प्रमाणे नियम ५ मध्ये सांगितलेले तारण शासनाकडून मागता येत नाही. शासन दिवाळखोर होत नाही, हे त्यामागील गृहीतक खरे असले, तरी शासनाकडून पैसे वेळेवर मिळतात, असे त्यातून सिद्ध होत नाही. लहान कंत्राटदाराविरुद्ध हुकूमनामा झाला तर त्याने रक्कम भरावी आणि शासनाविरुद्ध झाला तर त्यानेच वाट पाहावी, ही स्थिती समर्थनीय नाही. लवादाच्या निवाड्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने पाम डेव्हलपमेंट्स प्रकरणात (२०१९) शासनास अशी विशेष वागणूक नाकारली. लवाद कायद्याचा इतिहासही बोलका आहे. निवाडा रद्द करण्याचा अर्ज दाखल होताच अंमलबजावणी आपोआप थांबण्याची पूर्वीची पद्धत २०१५ च्या दुरुस्तीने बंद केली आणि स्वतंत्र अर्ज व सकारण आदेश आवश्यक केला. जी दृष्टी लवादात स्वीकारली गेली, ती दिवाणी अपिलात नाकारण्यास सबळ कारण दिसत नाही.

२०२५ च्या निर्णयाकडेही याच दृष्टीने पाहावे लागेल. तत्त्व म्हणून तो योग्य आहे. उघड सदोष हुकूमनाम्यासाठी कोणाला कोट्यवधी रुपये भरावयास लावणे अन्यायाचे होईल. तथापि, हुकूमनामा सकृद्दर्शनी सदोष आहे हे अपिलाच्या पहिल्याच दिवशी पटवून देण्यासाठी निष्णात वकिलांची फौज लागते. ती मोठ्या कंपनीला परवडते. तालुक्याच्या गावातील दुकानदाराला नाही. अपवादाचे दार सर्वांसाठी उघडे असले, तरी त्यापर्यंतचा रस्ता सर्वांसाठी सारखा नाही.

निष्कर्ष :
१) स्थगितीची अट ठरविताना न्यायालयाने कारणे नोंदवावीत, ठरावीक टक्केवारीचा यांत्रिक वापर टाळावा.
२) जमा रक्कम तत्काळ मुदत ठेवीत गुंतवण्याचा आणि हुकूमनामाधारकास योग्य हमीवर काही भाग काढू देण्याचा विचार स्थगितीच्या मूळ आदेशातच व्हावा.
३) रोख भरणे अशक्य असलेल्या अपीलकर्त्यास स्थावर मालमत्तेचे किंवा जामीनदाराचे तारण देण्याची मुभा नियमातच आहे, तिचा उपयोग अधिक व्हावा.
४) आदेश २७, नियम ८अ चा विधिमंडळाने फेरविचार करावा.
५) स्थगिती दिलेली अपिले प्राधान्याने सुनावणीस घ्यावीत.

स्थगिती म्हणजे निर्णय नव्हे. ती निर्णयापर्यंतच्या काळाची वाटणी आहे. त्या काळाचा भार कोणी आणि किती उचलावा, हे आदेश ४१ ठरवितो. हा भार समर्थ पक्षाकडून दुर्बल पक्षाकडे सरकू न देणे, हीच या तरतुदींची खरी कसोटी होय.