वेब-अर्जांची पडताळणी : सर्व्हर-स्क्रिप्टच्या मौनाची चिकित्सा

प्रस्तावना

प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती, गुणनोंदणी अशा महाविद्यालयीन जीवनातील बहुतेक व्यवहारांचे पहिले पाऊल आता वेबपृष्ठावरील अर्जाने पडते. कागदी अर्जात त्रुटी आढळल्यास खिडकीपलीकडचा लिपिक तो परत करी आणि कोणता रकाना चुकला हे बोट ठेवून दाखवी. वेब-अर्जाच्या बाबतीत ही भूमिका सर्व्हरवरील स्क्रिप्टकडे आली आहे. अर्ज स्वीकारणे, तपासणे, नाकारणे आणि नाकारण्याचे कारण सांगणे ही तिची कर्तव्ये होत. पडताळणीचा विचार करताना सामान्यतः एकच प्रश्न केंद्रस्थानी असतो : चुकीची माहिती आत येऊ नये म्हणून काय करावे? प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की सर्व्हर-स्क्रिप्टचा अधिक गंभीर दोष चुकीची माहिती स्वीकारण्यात नसून योग्य माहिती न बोलता गाळण्यात किंवा बदलण्यात आहे. नकार दुरुस्त करता येतो. मौनात झालेला बदल मात्र निकालपत्रकावर उमटल्याखेरीज कोणाच्या लक्षातही येत नाही.

या विवेचनासाठी पीएचपी ही भाषा निवडली आहे. रास्मुस लेर्डोर्फ यांनी १९९५ साली सार्वजनिक केलेल्या या साधनाच्या पुढील आवृत्तीचे नाव ‘पीएचपी/एफआय’ असे होते आणि त्यातील ‘एफआय’चा विस्तार ‘फॉर्म्स इंटरप्रीटर’, म्हणजे अर्जांचा अर्थ लावणारा, असा होता. अर्ज हाताळणे हेच ज्या भाषेचे मूळ प्रयोजन, तिच्यातील गुणदोष या विषयाच्या संदर्भात विशेष बोलके ठरतात.

१. अर्ज पूर्ण पोचला काय?

पडताळणीच्या आधी एक प्रश्न येतो आणि तोच बहुधा विचारला जात नाही. जे भरले गेले ते सर्व्हरपर्यंत पोचले काय? ब्राउझर सर्वच रकाने पाठवीत नाही. ज्या रकान्याला नाव दिलेले नाही तो पाठवला जात नाही. निष्क्रिय केलेला रकाना पाठवला जात नाही. खूण न केलेला चौकोनही पाठवला जात नाही. परिणामी ‘नाही’ हे उत्तर आणि ‘प्रश्नच विचारला नव्हता’ ही स्थिती स्क्रिप्टला सारखीच दिसते.

दुसरी मर्यादा आकाराची. पीएचपीच्या मूळ मांडणीत एका अर्जातून येणाऱ्या एकूण माहितीची मर्यादा ८ एमबी आहे. छायाचित्रे व प्रमाणपत्रे जोडलेला अर्ज ती ओलांडतो, तेव्हा केवळ जोडलेल्या फाइली गळत नाहीत. अर्जातील सर्व रकाने स्क्रिप्टला रिकामे दिसतात. मग ज्या विद्यार्थ्याने नाव भरले आहे त्यालाच ‘नाव भरणे आवश्यक आहे’ असे सांगितले जाते. येथे संदेश मिळतो. पण तो असत्य असतो. विद्यार्थी पुन्हा नाव भरतो, पुन्हा तीच फाइल जोडतो आणि पुन्हा तेच उत्तर मिळवतो.

तिसरी मर्यादा रकान्यांच्या संख्येची आहे. जानेवारी २०१२ मधील ५.३.९ या आवृत्तीपासून एका अर्जातून स्वीकारावयाच्या रकान्यांवर १,००० ही मूळ मर्यादा घालण्यात आली. विशिष्ट नावांचे असंख्य रकाने पाठवून सर्व्हर ठप्प करण्याचा एक मार्ग डिसेंबर २०११ मध्ये उघड झाला होता. त्याला प्रतिबंध म्हणून ही तरतूद आली. तिचे प्रयोजन रास्त आहे. परंतु ६० विद्यार्थ्यांच्या वर्गाचे, प्रत्येकी २० रकान्यांचे गुणनोंदणीपत्रक घेतले तर रकान्यांची संख्या १,२०० होते. रकाने विद्यार्थीनिहाय क्रमाने असतील, तर शेवटच्या १० विद्यार्थ्यांची माहिती स्क्रिप्टपर्यंत येतच नाही. सर्व्हर आपल्या नोंदवहीत एक इशारा लिहितो. पडद्यावर मात्र ‘गुण यशस्वीरीत्या जतन झाले’ असे उमटू शकते. आलेल्या प्रत्येक रकान्याची पडताळणी निर्दोष असूनही संपूर्ण अर्जाची पडताळणी अशा वेळी फसलेली असते.

२. शून्य, कोरे आणि गैरहजर

गुणपत्रकातील तीन स्थितींमधील भेद प्रत्येक प्राध्यापकाला ज्ञात असतो. विद्यार्थी परीक्षेस बसला व त्यास शून्य गुण मिळाले, ही एक स्थिती. तो गैरहजर होता, ही दुसरी. आणि गुण अद्याप नोंदवलेच गेले नाहीत, ही तिसरी. तिन्हींचे शैक्षणिक परिणाम वेगळे आहेत. पीएचपीतील प्रचलित तपासणीपद्धती हा भेद कसा पुसून टाकतात, हे पाहणे उद्बोधक आहे.

रकाना रिकामा आहे काय, हे पाहण्यासाठी ‘एम्प्टी’ या रचनेचा वापर सर्रास होतो. नावावरून ती केवळ रिक्तता तपासत असावी असे वाटते. प्रत्यक्षात ती ‘०’ या अंकालाही रिकामे मानते. शून्य गुण भरणाऱ्या प्राध्यापकास त्यामुळे ‘गुण भरलेले नाहीत’ असे उत्तर मिळते. नोव्हेंबर २००६ मधील ५.२ आवृत्तीसोबत आलेल्या पूर्णांक-गाळणीतही निष्काळजी वापरामुळे हाच प्रमाद घडतो. गाळणी अवैध मूल्यासाठी ‘असत्य’ व वैध शून्यासाठी ‘०’ परत देते. पण काटेकोर तुलना न केल्यास दोन्हींची वासलात एकच लागते.

याहून विलक्षण बाब समानतेच्या तुलनेची. नोव्हेंबर २०२० मध्ये पीएचपी ८ येईपर्यंत अंकरूप नसलेली अक्षरमाला आणि शून्य ही संख्या यांची सैल तुलना ‘समान’ ठरत असे. म्हणजेच रकान्यात ‘गैरहजर’ असा शब्द असला, तरी तो शून्याबरोबर आहे काय या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी येई. आठव्या आवृत्तीने हा नियम बदलला, हे स्वागतार्ह होय. मात्र ‘एम्प्टी’चा अर्थ बदललेला नाही आणि जुन्या स्क्रिप्ट नव्या आवृत्तीवर नेताना ज्या निकालांचा आधार हीच सैल तुलना होती ते निकाल निमूटपणे बदलतात. भाषेने प्रोग्रामरला दिलेली सवलत ही येथे वापरकर्त्याने सोसायची हानी ठरते.

३. देवनागरी नावाची वैधता

पडताळणीचे नियम एखाद्या लिपीला गृहीत धरून लिहिले गेले, की त्या लिपीबाहेरचे प्रत्येक नाव अवैध ठरते. ‘नावात केवळ ए ते झेड ही अक्षरे असावीत’ हा नियम याचे उघड उदाहरण. परंतु सदिच्छेने केलेली दुरुस्तीही पुरेशी होत नाही. युनिकोडमधील ‘अक्षर’ या वर्गात बसणारी चिन्हे स्वीकारावीत असा नियम केल्यास ‘कमल’ हे नाव स्वीकारले जाते आणि ‘सीता’ नाकारले जाते. कारण युनिकोडच्या वर्गीकरणात काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार व हलन्त ही ‘अक्षरे’ नसून ‘चिन्हे’ या वेगळ्या वर्गात मोडतात. बिनमात्रेच्या नावावर चाचणी घेणाऱ्या प्रोग्रामरला हा दोष दिसणारच नाही.

लांबीच्या तपासणीतही असाच घोटाळा आहे. ‘क्षितिज’ हे नाव मराठी वाचकाच्या दृष्टीने तीन अक्षरांचे आहे. युनिकोडच्या दृष्टीने त्यात सात संकेत आहेत आणि यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत त्याला २१ बाइट लागतात. पीएचपीचे सर्वपरिचित लांबीचे फंक्शन बाइट मोजते. त्यामुळे ‘नाव २० अक्षरांपेक्षा मोठे नसावे’ या नियमाखाली तीन अक्षरी नाव ‘फार मोठे’ ठरते. बहुबाइट अक्षरांसाठीचे वेगळे फंक्शन वापरल्यास उत्तर सात येते. ते वाचकाच्या गणनेशी जुळत नसले, तरी व्यवहारास पुरेसे असते.

‘कऱ्हाड’ या गावाच्या नावातून आणखी एक प्रश्न उभा राहतो. यातील अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो : ‘ऱ’ या स्वतंत्र संकेताला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात; सर्व्हरच्या लेखी ती भिन्न आहेत. शिवाय जोडचिन्ह हे ना ‘अक्षर’ आहे ना ‘मात्रा’; म्हणून वरील सुधारलेला नियमही दुसरे रूप नाकारतो. अर्जदाराला आपले गाव बरोबर लिहिलेले दिसते आणि तरीही ते चूक का, हे त्याला कळण्यास मार्ग नसतो.

देवनागरी अंकांचे प्रकरण सर्वांत घातक म्हणावे लागेल. ‘४२’ असे देवनागरीत लिहिलेले गुण पीएचपीने पूर्णांकात रूपांतरित केले तर उत्तर ४२ येत नाही, ० येते. कोणताही दोष नोंदवला जात नाही. मागील विभागातील शून्याचा प्रश्न येथे नव्या रूपात भेटतो : ज्याला शून्य मिळाले नाही, त्याच्या नावावर शून्य जमा होते.

४. ‘शुद्धीकरणा’चा मोह

पीएचपीच्या प्रारंभीच्या दशकात सुरक्षिततेच्या नावाखाली आलेल्या माहितीवर परस्पर संस्कार करण्याची प्रवृत्ती प्रबळ होती. ‘मॅजिक कोट्स’ या सुविधेमुळे येणाऱ्या प्रत्येक अवतरणचिन्हापूर्वी तिरपी रेघ आपोआप घातली जाई. गोवा व वसई परिसरात आढळणारे डिसोझा हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना आरंभीच्या ‘डी’नंतर वरचा स्वल्पविराम येतो. अर्ज त्रुटीसाठी परत आला व पुन्हा पाठवला गेला, की त्या आडनावात तिरप्या रेघांची भर पडत जाई. ज्याच्यापासून संरक्षण करावयाचे तो हल्लेखोर याने थांबत नव्हता. अर्जदाराचे नाव मात्र विद्रूप होत होते. ही सुविधा मार्च २०१२ मधील ५.४ या आवृत्तीतून काढून टाकण्यात आली. रकान्याच्या नावाने थेट व्हेरिएबल निर्माण करणारी, आणि त्यामुळे बाहेरच्या व्यक्तीस स्क्रिप्टच्या अंतर्गत मूल्यांवर ताबा मिळवू देणारी ‘रजिस्टर ग्लोबल्स’ ही सवलत २००२ मधील ४.२ आवृत्तीपासून मूळ मांडणीत बंद झाली व तीही ५.४ मध्येच नाहीशी झाली. मजकूर ‘शुद्ध’ करणारी एक लोकप्रिय गाळणी २०२१ मधील ८.१ आवृत्तीत कालबाह्य ठरवण्यात आली.

या माघारीतून मिळणारा धडा तात्त्विक आहे. एखादे चिन्ह स्वभावतःच धोकादायक नसते. ते कोठे जाणार यावर त्याचा धोका ठरतो. डेटाबेसकडे जाताना पूर्वरचित विधान वापरावे, वेबपृष्ठावर छापताना त्या ठिकाणास अनुरूप रूपांतर करावे. मूळ नोंद मात्र अर्जदाराने दिली तशीच राहावी. प्रवेशद्वारातच सर्वांना एका साच्यात बसवणारे शुद्धीकरण सुरक्षितताही देत नाही आणि सत्यताही राखत नाही.

साठवणीच्या टप्प्यावरही हाच दंडक लागू आहे. मायएसक्यूएलच्या सैल पद्धतीत रकान्यापेक्षा मोठा मजकूर कापून साठवला जातो, तर वर्णसंच देवनागरी सामावणारा नसल्यास नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची ओळ उमटू शकते. २०१५ मधील ५.७ आवृत्तीपासून काटेकोर पद्धत मूळ मांडणीत आली. ती त्रासदायक आहे अशी तक्रार होऊन अनेकदा बंद केली जाते. वस्तुतः तिचा त्रास हाच तिचा गुण आहे.

५. मौनाचे समर्थन कितपत ग्राह्य?

स्क्रिप्टने फार बोलू नये, यामागेही कारणे आहेत. डेटाबेसचा त्रुटिसंदेश जसाच्या तसा दाखवल्यास तक्त्यांची रचना उघड होते. प्रवेशचिन्ह चुकले की परवलीचा शब्द, हे वेगळे सांगितल्यास अनोळखी व्यक्तीस खात्यांचा अंदाज बांधता येतो. हे आक्षेप योग्य आहेत. परंतु त्यांवरून निष्पन्न होते ते इतकेच, की व्यवस्थापकास व अर्जदारास एकच संदेश देऊ नये. तांत्रिक तपशील नोंदवहीत जावा आणि अर्जदाराला समजेल असे कारण पडद्यावर यावे. गुप्तता हे एका श्रोत्यापुरते बंधन आहे. ते सर्वांशी मौन पाळण्याचे निमित्त होऊ शकत नाही.

ब्राउझरमधील तपासणी पुरेशी आहे, हे दुसरे समर्थन. ऑक्टोबर २०१४ मध्ये अधिकृत शिफारस म्हणून मान्य झालेल्या एचटीएमएल ५ मुळे अनिवार्य रकाने व नमुने ब्राउझरमध्येच तपासता येतात. ही अर्जदाराची सोय होय. तिला टाळून विनंती पाठवणे सहज शक्य असल्याने अंतिम निर्णय सर्व्हरचाच राहतो.

निष्कर्ष

१. दोषनिवारणाचा क्रम पोचणे, स्वीकारार्हता, साठवण व उत्तर असा असावा. आलेल्या रकान्यांची संख्या अपेक्षित संख्येशी ताडल्याखेरीज मूल्यांची तपासणी आरंभू नये.

२. शून्य, कोरे व गैरहजर या स्थिती तुलनेच्या नियमांवर न सोडता स्वतंत्रपणे नोंदवाव्यात.

३. नावांचे नियम मात्रा, जोडाक्षरे व जोडचिन्हे असलेल्या खऱ्या मराठी नावांवर तपासावेत. देवनागरी अंक एकतर योग्य रीतीने रूपांतरित करावेत किंवा कारण देऊन नाकारावेत.

४. अर्जदाराने दिलेली माहिती त्याला न कळवता बदलू नये. नाकारलेला अर्ज परत करताना भरलेला मजकूर जतन करून नेमक्या रकान्याजवळ कारण द्यावे.

संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत वेब-अर्ज हा आरंभीचा व सोपा पाठ मानला जातो आणि चुकीची माहिती अडली की तो पूर्ण झाला असे समजले जाते. योग्य माहिती अबाधित पोचली काय, याचीही परीक्षा त्या पाठात असली पाहिजे. निकालपत्रकावरील एका चुकीच्या शून्यामागे स्क्रिप्टमधील एक ओळ असू शकते. परंतु ते शून्य वाहावे लागते विद्यार्थ्याला.