बाकाखालची वीज

टेबलातच संगणक बसवून घेणाऱ्या हौशी मंडळींची कामं देखणी असतात. काचेखाली पंखे, दिवे, नळ्या सगळं निगुतीनं मांडलेलं. यूपीएस मात्र पायाशी, वायरींच्या गुंत्यात धूळ खात पडलेला. विजेचा विचार शेवटी, उरलेल्या जागेत. या मंडळींनी क्रे-१ एकदा सावकाश न्याहाळावा.

सेमूर क्रे यांचा हा महासंगणक अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, चिपेवा फॉल्स या छोट्या गावात घडला. १९७६ साली पहिला नग लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत गेला. पुरुषभर उंचीचे बारा स्तंभ कमानीत उभे, वर्तुळाची एक बाजू उघडी, आणि पायथ्याशी सभोवार गादीचं बाक. जगातलं सर्वांत महागडं बाक, अशी त्याची थट्टाही झाली.

कमानीचं कारण बहुतेकांना ठाऊक असतं. यंत्राचा एक ठोका साडेबारा नॅनोसेकंदांचा. तेवढ्यात संदेश पोचायचा तर तार चार फुटांहून लांब नको. म्हणून सगळ्या तारा आतल्या अंगाला, हातानं जोडलेल्या. बाहेरून शिस्त, आत रान.

मला मोह पडतो तो बाकाचा. त्याच्या पोटात ३६ वीजपुरवठा संच आहेत. मंडलांना लागणारा दाब जेमतेम पाच व्होल्ट, काहींना दोनच. पण एकूण भूक शंभर किलोवॉटच्या घरातली. दाब इतका कमी म्हणजे प्रवाह हजारो अँपिअरचा. तो लांबून आणला तर वाटेतल्या तांब्यातच वाया जाणार. म्हणून पुरवठा स्तंभांच्या पायाशीच हवा. तिथं पेट्या आल्याच, तर त्यांच्यावर गादी घालून माणसाला बसायला जागा का करू नये? हा मिश्कीलपणा मला फार आवडतो.

पण पेट्या बसण्याच्या उंचीत मावल्या कशा? त्यांना येणारी वीज ४०० हर्ट्झची होती, अमेरिकेतल्या नेहमीच्या ६०ची नव्हे. वारंवारता वाढली की ट्रान्सफॉर्मर लहान होतो. ही वीज देणारा मोटर-जनरेटर वेगळा असे: बाहेरच्या विजेवर मोटर फिरे, मोटर जनित्राला फिरवी. बाहेरची वीज यंत्रापर्यंत थेट पोचतच नसे. दाब क्षणभर डगमगला तरी फिरत्या वस्तुमानाचा जोर तो क्षण निभावून नेई. बॅटरीसारखा तासाभराचा आधार नव्हे, झटक्यांपुरता.

आणि खरी कमाल पुढेच. बाकातल्या संचांना दाब स्थिर ठेवणारी व्यवस्थाच नव्हती. क्रे यांनी वापरलेली मंडलं शून्य असो वा एक, जवळजवळ सारखाच प्रवाह ओढत. भार हलतच नाही, मग सावरायचं काय? येणारा दाब स्थिर ठेवण्याचं काम जनित्रानं आधीच केलेलं. तर्कमंडलांच्या निवडीतून बाक साधं झालं.

ही निवड उधळी होती, हेही खरं. यंत्र रिकामं बसलं तरी तितकीच वीज खाई, आणि ती सगळी उष्णता फ्रेऑन हे शीतक खेळवून उपसावी लागे. आजचा प्रोसेसर कामाप्रमाणे प्रवाह क्षणात वाढवतो, क्षणात घटवतो. त्यामुळे क्रे-१चा साधेपणा आज उचलता येत नाही. दाब सावरणारी मंडलं मदरबोर्डवर प्रोसेसरच्या अगदी कुशीत बसवावी लागतात. जवळ असण्याचं कारण मात्र तेच आहे: दाब एका व्होल्टच्या आसपास, आणि प्रवाह शंभर अँपिअरच्या पुढे.