उसन्या नावाचे दुःख

एखाद्या कलाकृतीला जन्मकथा चिकटली की पुष्कळदा आपण ती कथाच ऐकू लागतो आणि कलाकृती मागे राहते. ‘आल्बिनोनीचा अदाजो’ या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या पाश्चात्त्य अभिजात रचनेचे नेमके हेच झाले आहे. अदाजो म्हणजे संथ लयीतील रचना. ऑर्गन आणि तंतुवाद्ये यांच्यासाठी लिहिलेली ही रचना ऐकताना मनात काहीच हलत नाही, असा श्रोता विरळा. पण जिच्यावर आल्बिनोनीचे नाव आहे ती त्याने लिहिलेलीच नाही. मग आपले डोळे पाणावले ते कोणाच्या दुःखाने? कादंबरीकार म्हणून मला हा प्रश्न टाळता येत नाही. कारण जुने बाड सापडल्याची बतावणी करून गोष्ट सांगणे हा आमच्या धंद्यातलाच एक जुना डाव आहे.

तोमासो आल्बिनोनी (१६७१–१७५१) हा व्हेनिसचा. कागदाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. बाखसारख्याने त्याच्या स्वरबीजांवर फ्यूग रचले, एवढ्यावरून त्याची योग्यता कळावी. ड्रेस्डेन दरबारचा व्हायोलिनवादक पिझेंडेल १७१६ साली व्हेनिसला आला होता; त्याच्यासाठी आल्बिनोनीने एक सोनाटा लिहून दिला. तेव्हा त्याचे एखादे हस्तलिखित ड्रेस्डेनच्या ग्रंथालयात असणे मुळीच अशक्य नव्हते. १९४५ च्या फेब्रुवारीत, १३ ते १५ या तीन दिवसांत, ड्रेस्डेनवर बाँबचा वर्षाव झाला. सुमारे २५,००० माणसे मेली. ग्रंथालयाची इमारतही उद्ध्वस्त झाली. त्याच वर्षी रेमो जाझोत्तो (१९१०–१९९८) या इटालियन संगीत-अभ्यासकाचे आल्बिनोनीवरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि पुढे १९५८ मध्ये मिलानच्या रिकोर्दी प्रकाशनाने हा अदाजो छापला. जाझोत्तोचे सांगणे असे की, ड्रेस्डेनच्या ग्रंथालयातल्या एका हस्तलिखिताचा तुकडा आपल्या हाती आला. त्यावर खालच्या स्वरांची एक ओळ आणि सुरावटीची थोडी मात्रे होती. त्यावरून आपण ही रचना सिद्ध केली. तो कागद मात्र त्याने हयातीत जगापुढे ठेवला नाही. ग्रंथालयातही त्याची नोंद आढळली नाही. आज जाणकार ही रचना जाझोत्तोचीच मानतात.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. छापील स्वरलिपीवर रचनाकार म्हणून जाझोत्तोचेच नाव होते; आल्बिनोनीच्या दोन कल्पनांवर व एका खर्जाच्या ओळीवर आधारलेली, एवढेच शीर्षकात म्हटले होते. पुढे ध्वनिमुद्रिकांवरून, कार्यक्रमपत्रिकांवरून आणि श्रोत्यांच्या तोंडून जाझोत्तोचे नाव गळून पडले. थाप एकाने मारली असेल, पण ती वाढवली सर्वांनी मिळून. भस्मातून निघालेला सूर हवाच होता सगळ्यांना!

खरे तर कागद तपासण्याआधी कानानेच शंका घ्यावयास हवी होती. १७२२ साली प्रसिद्ध झालेल्या आल्बिनोनीच्या नवव्या संग्रहात ओबो या सुषिर वाद्यासाठी लिहिलेला एक कोंचेर्तो आहे. त्याचा मधला भागही अदाजोच. व्हायोलिनांची एक हलकी हालचाल सतत चालू राहते आणि तिच्यावर ओबोचा लांब सूर अलगद येऊन उतरतो. त्यातही दुःख आहे. पण ते घरंदाज बाईचे दुःख आहे. डोळे भरतात, पदर ढळत नाही. जाझोत्तोच्या रचनेची जात वेगळी. खालचे स्वर जिना उतरावा तसे पायरीपायरीने खाली येतात. वर तंतुवाद्यांची सुरावट एक-एक हुंदका लांबवीत जाते. मध्येच एकटे व्हायोलिन आक्रंदन केल्यासारखे बाहेर पडते. शेवटी सारा मेळ एका उंच कड्यावर चढून कोसळतो. हे आपले दुःख प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर मांडणे अठराव्या शतकाचे नव्हे. हे विसाव्या शतकाचे, सिनेमा पाहिलेल्या आणि दोन महायुद्धे सोसलेल्या युरोपचे रडणे आहे. १९६२ मध्ये ऑर्सन वेल्सने काफ्काच्या ‘द ट्रायल’वरील चित्रपटात ते वापरले आणि ते तेथे चपखल बसले, यात नवल नाही.

मग हे नाव उसने घेण्याची गरज का पडली? माझा तर्क असा : १९५० नंतरच्या युरोपात नवे संगीत कठोर, गणिती वळणाने चालले होते. त्या काळी एखाद्याने उघडउघड रडणारी, सरळ सुरावटीची रचना स्वतःच्या नावावर पुढे केली असती, तर पंडितांनी तिला हसून बाजूला सारले असते. दोनशे वर्षांपूर्वीच्या मृताला मात्र रडण्याची मुभा होती. आपल्याकडेही नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळून गेले आहेतच. पण तेथे नाम एक आणि भाव एक. येथे नावाबरोबर एका जळालेल्या शहराचीही उसनवारी झाली. आणि माझी खरी तक्रार येथे आहे.

कादंबरीतली बतावणी वाचकाच्या संमतीने चालते. पुस्तक उघडतानाच तो ती देतो. ड्रेस्डेनच्या मृतांना कोणी विचारले होते? त्यांची राख ही एका सुरावटीची पार्श्वभूमी झाली. पुढे १९९२ च्या मे महिन्यात सारायेवोत पावासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसांवर तोफगोळे पडले आणि त्यांच्यासाठी वेद्रान स्मायलोविच हा चेलोवादक उघड्यावर बसून हाच अदाजो वाजवू लागला. त्याच्यावरून २००८ मध्ये स्टीव्हन गॅलोवे या कॅनेडियन लेखकाने कादंबरी लिहिली. तिचा आरंभ ड्रेस्डेनच्या त्या तुकड्याच्या कथेनेच होतो. जिवंत स्मायलोविचला मात्र आपले आयुष्य असे परस्पर उचललेले रुचले नाही. त्याने जाहीर संताप व्यक्त केला. माझ्याच व्यवसायातला हा प्रकार असल्याने तो संताप मला झोंबतो, आणि रास्तही वाटतो.

तरीही सारायेवोच्या त्या वाजवण्यात काही खोटे नव्हते. मेलेले खरे, वाजवणारा खरा, वरून येणारा गोळाही खरा. खोट्या कथेच्या सुरावटीने तेथे खऱ्या दुःखाचा भार पेलला. म्हणून माझा निवाडा दोन भागांत आहे. रचनेला मी निर्दोष सोडीन. कथेला सोडणार नाही. कारण त्या कथेने दोघांवर अन्याय केला. खऱ्या आल्बिनोनीला जग त्याने न लिहिलेल्या आठ-दहा मिनिटांवरून ओळखते. आणि आपल्या काळाचे दुःख ज्याच्या हातून इतके नेमके उतरले, त्या जाझोत्तोला कोणी रचनाकार म्हणून ओळखत नाही. रसिकांनी हे दोन्ही अदाजो एका बैठकीत लागोपाठ ऐकावेत, आधी १७२२ चा, मग १९५८ चा. ज्याचे दुःख त्याच्या पदरी घातले, तर दोघांचेही अधिक चांगले ऐकू येईल.